जुनी नाव, नवा धनी

5 एप्रिल 1919 रोजी मुंबई बंदरातून ‘एस. एस. लॉयल्टी’ ही आगबोट लंडनच्या दिशेनं निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीची बोट इंग्लंडच्या वाटेला लागली, या घटनेचं मोल पुढे देशानं ओळखलं आणि 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. या बोटीमागे ज्यांची धडपड होती, त्यांतला सर्वांत खटपट्या माणूस समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सोलापुरात जन्मलेला होता. वालचंद हिराचंद दोशी, जन्म 23 नोव्हेंबर 1882. त्यांच्यासोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी करणारे नरोत्तम मोरारजी हेही सोलापूरला परके नव्हते. सोलापूरकर ज्या गिरणीला आजही ‘जुनी मिल’ म्हणतात, ती 1877 च्या सुमारास त्यांच्या वडिलांनी, मोरारजी गोकुळदासांनी उभारली.

लॉयल्टीबद्दल एक गोष्ट मात्र भाषणांतून क्वचितच सांगितली जाते. ती बोट नवी नव्हती. इंग्लंडमधल्या बॅरो इथल्या गोदीत 1890 मध्ये ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव होतं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती व्हँकुव्हर ते योकोहामा आणि हाँगकाँग अशी टपाल व प्रवासी घेऊन पॅसिफिक ओलांडत असे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरच्या महाराजा माधवराव शिंद्यांनी ती घेतली, जखमी भारतीय सैनिकांसाठी तिचं रुग्णालय केलं आणि ‘लॉयल्टी’ हे नाव दिलं. वालचंदांच्या हाती ती आली, तेव्हा तिनं पाण्यात जवळजवळ तीन दशकं काढली होती.

ती फार काळ टिकली नाही. 1923 मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. मूळची ती वेगानं टपाल आणि प्रवासी नेण्यासाठी बांधलेली. मालवाहतुकीवर उभं राहू पाहणाऱ्या नव्या कंपनीला वेगळ्या धाटणीची जहाजं हवी होती. सिंदिया कंपनी मात्र उभी राहिली, ब्रिटिश कंपन्यांशी दरयुद्ध लढली, आणि तिनं विशाखापट्टणमला उभारलेल्या गोदीतून 14 मार्च 1948 रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

जुनं जहाज घेणाऱ्यानं पहिल्यांदा काय विचारावं, हे लॉयल्टीच्या कथेत स्पष्ट दिसतं. ते कोणत्या कामासाठी बांधलं होतं? आजवर कुठल्या पाण्यात, कोणाच्या हाताखाली राबलं? आणि आपल्याला त्याच्याकडून काय करून घ्यायचं आहे? किंमत हा चौथा प्रश्न. शंभर वर्षांनंतर, आकारानं कितीतरी लहान असलेल्या वेगळ्या जातीच्या बोटीबाबत हेच प्रश्न याच क्रमानं विचारावे लागतात. ती बोट म्हणजे शिडाची क्रूझिंग कॅटमरान. या बोटींना जगभर मोठी मागणी आहे, आणि नव्या बोटीचा भाव परवडत नाही म्हणून बहुतेक कुटुंबं जुन्या बोटींच्या बाजारात शिरतात.

दोन धडांची बोट

कॅटमरान म्हटलं की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा ही इंजिनाची प्रवासी बोट आठवते. शिडाच्या क्रूझिंग कॅटमरानचा पाया तोच. पाण्यात टेकलेली दोन अरुंद, समांतर धडं, ज्यांना हल म्हणतात. आणि दोन्हींना जोडणारा मधला सपाट मजला. या मजल्यावर बैठकीची खोली आणि बहुधा स्वयंपाकघर, दोन्ही हलांमध्ये झोपायच्या केबिन आणि संडास-बाथरूम, पुढच्या बाजूला दोन हलांमध्ये ताणलेली जाळी, आणि मधोमध डोलकाठी.

रुंदीतून स्थैर्य मिळवायची ही युक्ती कोकणच्या किनाऱ्याला नवी नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधतात. ती उलांडी. अरुंद होडी तिच्यामुळे लाटेवर कलंडत नाही. पॅसिफिक बेटांवरचे दर्यावर्दी दोन पूर्ण होड्या एकमेकींना बांधून हजारो मैल जात. आधुनिक जगात 1876 मध्ये अमेरिकेच्या नॅथॅनिएल हेरेशॉफनं ‘अमॅरिलिस’ ही दोन हलांची बोट शर्यतीत उतरवली आणि भल्याभल्या एकहली बोटींना मागे टाकलं.

एकहली शिडबोटीच्या बुडाला शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं. वाऱ्यात ती कलते आणि त्या वजनामुळे पुन्हा सरळ होते. कॅटमरानला असं वजन नसतं. ती जवळजवळ कलतच नाही, म्हणून टेबलावरचा चहाचा कप जागचा हलत नाही, लहान मुलं आणि आजी-आजोबाही बोटीवर आरामात राहू शकतात. पण एकदा उलटली, तर ती आपणहून सरळ होत नाही. फोम किंवा बाल्सा लाकडाच्या गाभ्यामुळे बहुतेक आधुनिक कॅटमरान उलट्या झाल्या तरी तरंगत राहतात आणि माणसांना धरायला आधार उरतो. शीड वेळेवर लहान करणं हीच खरी सुरक्षितता. एकहली बोट कलून वारा सोडून देते आणि खलाशाला इशारा मिळतो. कॅटमरान तो इशारा देत नाही, सगळा जोर डोलकाठीच्या तारांवर येतो. म्हणून निर्माते वाऱ्याच्या कोणत्या वेगाला शीड किती उतरवायचं याचा तक्ताच देतात, आणि तो पाळावा लागतो.

पाण्याला गृहीत धरू नये, हे सोलापूर जिल्ह्याला कोणी सांगायला नको. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाचं पाणी शांत दिसतं. पण मोकळ्या, लांबरुंद जलाशयावर वारा काही मिनिटांत लाटा उठवतो. बोट कोणतीही असो, हवामानाचा अंदाज, लाइफ जॅकेट आणि वजनाची मर्यादा यांना पर्याय नाही.

बाजारात येतात त्या बोटी

जगातल्या क्रूझिंग कॅटमरानचा मोठा हिस्सा दोन देशांत बांधला जातो. फ्रान्समध्ये लगून, फाउंटेन पाजो आणि कॅटाना-बाली. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनची रॉबर्टसन अँड केन, जी ‘लेपर्ड’ बांधते. यांतल्या असंख्य बोटी पहिल्यांदा थेट कुटुंबांकडे जात नाहीत. त्या भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या ताफ्यात जातात. कॅरिबियन बेटं, क्रोएशिया, ग्रीस, सेशेल्स, थायलंड अशा ठिकाणी पर्यटक आठवड्याभरासाठी बोट घेतात. सुमारे पाच वर्षांनी बोट ताफ्यातून निवृत्त होते आणि विक्रीला निघते.

अशी बोट घ्यावी की नाही, यावर बंदराबंदरांत वाद रंगतात. बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे. ताफ्यातल्या बोटीची ठराविक काळानं देखभाल होते, इंजिनाच्या तासांची नोंद असते, सामान साधं आणि सहज मिळणारं असतं. पण भाडेकरू दर आठवड्याला बदलतो, नांगराचं यंत्र, दोऱ्या, गाद्या, शौचालयांचे पंप यांची झीज वेगानं होते. शिवाय अशा बोटींची मांडणी बहुधा चार केबिन आणि चार बाथरूमची असते. जगप्रवासाला निघालेल्या कुटुंबाला मात्र एक अख्खा हल आपल्यासाठी, कामाच्या टेबलासह आणि भरपूर कपाटांसह लागतो. या मांडणीला ‘ओनर्स व्हर्जन’ म्हणतात. मुंबईजवळ पर्यटकांना फिरवून आणायचं असेल तर चार केबिनची बोट योग्य; सहकुटुंब वर्षभर राहायचं असेल तर तीन केबिनची. लॉयल्टीचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो.

आकाराची कल्पना यावी म्हणून लगून 380 हे मॉडेल पाहू. शेकड्यांनी विकल्या गेलेल्या या बोटीची लांबी 11.55 मीटर, रुंदी 6.53 मीटर, आणि पाण्याखालची खोली फक्त 1.15 मीटर. खोली कमी असल्यानं ती उथळ खाडीत शिरू शकते, ओहोटीला वाळूवर टेकू शकते. पण साडेसहा मीटरची रुंदी सगळीकडे आड येते. ट्रेलरवर घालून रस्त्यानं न्यायची सोय नाही. जेट्टीवर ती दीड-दोन बोटींची जागा अडवते आणि अनेक मरिना तसंच भाडंही घेतात. पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या अशा बोटीला युरोपात साधारण दीड ते अडीच लाख युरो मागितले जातात. रुपयांत हा आकडा दीड-अडीच कोटींच्या आसपास जातो.

भाव फारच कमी दिसला तर बोट कुठल्या वर्षी कुठे होती, हे विचारावं. सप्टेंबर 2017 मध्ये ‘इर्मा’ चक्रीवादळानं ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरचे भाडे-ताफे उद्ध्वस्त केले. बोटी एकमेकींवर चढल्या, काही उलट्या झाल्या, डोलकाठ्या मोडल्या. विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या कितीतरी बोटी नंतर दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आल्या. त्यांतल्या काहींचं काम चोख झालंय, काहींवर नुसता रंग चढलाय. कोणती कुठली, हे जाहिरातीतल्या फोटोंवरून कळत नाही.

हात लावून पाहताना

सोलापुरात जुना यंत्रमाग घ्यायला जाणारा माणूस त्याच्या रंगाकडे पाहत नाही. तो माग चालवायला सांगतो, आवाजाकडे कान देतो, विणून निघालेल्या कापडाला हात लावतो आणि मग भावाची गोष्ट काढतो. जुनी कॅटमरान पाहणाऱ्यानंही असंच वागावं.

सुरुवात अंगापासून. हल फायबरग्लासचे असतात. बहुतेकदा दोन थरांमध्ये फोमचा किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असतो. त्यामुळे बोट हलकी आणि मजबूत होते. पण एखादा खिळा, खुंटी किंवा स्टँड बसवताना भोक नीट बंद केलं नसेल, तर पाणी गाभ्यात मुरतं, लाकूड कुजतं आणि थर सुटतात. तपासनीस प्लास्टिकच्या हातोडीनं डेकवर इंचाइंचावर ठोकत जातो. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. ओलाव्याचं मीटर त्याला दुजोरा देतं. पाण्याखालच्या भागावर बारीक फोड दिसले, तर रेझिनमध्ये पाणी शिरलंय असं समजावं. हे बोट बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही.

मग डोलकाठीखालचा भाग. कॅटमरानची डोलकाठी मधल्या मजल्यावर उभी असते आणि तिचा सगळा भार आतल्या आडव्या भिंतीवर, म्हणजे बल्कहेडवर येतो. 2021 मध्ये लगून 450 या मॉडेलच्या काही बोटींमध्ये मुख्य बल्कहेडला तडे गेल्याचं उघड झालं, आणि कंपनीला मालकांसाठी तपासणी व दुरुस्तीची पद्धत जाहीर करावी लागली. त्यानंतर कुठल्याही कंपनीची बोट असो, जाणकार खरेदीदार कपाटांच्या फळ्या काढून, टॉर्च घेऊन ही भिंत आणि तिचे हलशी जोडलेले सांधे पाहतो. समोरच्या आडव्या ॲल्युमिनियम तुळईची टोकं जिथे हलला बसतात, तिथेही तडे आणि गंज शोधायचा.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारा बाहेरून चकचकीत दिसल्या तरी आतून थकतात. दहा वर्षांच्या आसपास त्या बदलाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि अनेक विमा कंपन्या तो धरून चालतात. तारा शेवटी कधी बदलल्या याची पावती मालकाकडे नसेल, तर तो खर्च आपल्या हिशेबात धरायचा.

इंजिनं दोन. त्यामुळे एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर बंदर गाठता येतं; पण देखभालही दुप्पट. बऱ्याच बोटींत इंजिनाचा पाय बोटीच्या बुडातून थेट खाली उतरतो. याला सेलड्राइव्ह म्हणतात. त्याभोवतीचा रबरी पडदा समुद्राला बाहेर ठेवतो, आणि व्होल्वो पेंटा कंपनी तो सात वर्षांनी बदलायला सांगते. पायातलं तेल दुधाळ निघालं, तर सीलमधून पाणी आत आलं आहे.

आणि शिडं. इथे सोलापूरकराला बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं. क्रूझिंग शिडांचं नेहमीचं कापड, डेक्रॉन, हे घट्ट विणलेलं पॉलिएस्टर आहे. उभ्या धाग्याच्या दिशेनं ताणलं तर कमी ताणतं, आडव्या धाग्याच्या दिशेनंही कमी ताणतं, पण तिरकं ओढलं की पसरतं. चादर किंवा टॉवेल विणणाऱ्याला हे रोजच्या कामातून माहीत असतं. शीड कापणारे कारागीर त्यामुळेच पट्टे अशा दिशेनं लावतात, की जोर धाग्याच्या रांगेत पडावा. कापड जुनं झालं की त्याच्यावरचं रेझिनचं कडक पुट सुटतं, तिरकं पसरणं वाढतं, शिडाचं पोट मागे सरकतं, आणि बोट वाऱ्याच्या दिशेनं वर चढेनाशी होते. ऊन सर्वांत आधी खातं ते शिलाईचा धागा. टाक्यांवरून नख ओढलं आणि धागा तुटला, तर शीड पुन्हा शिवावं लागेल. नवा संपूर्ण संच लाखो रुपयांचा असतो, म्हणून ही दोन मिनिटांची तपासणी मोलाची.

उरलेलं बरंच काही खरं तर वजनाबद्दल आहे. कॅटमरान हलकी असेल तरच चालते. आधीच्या मालकानं वातानुकूलन, वॉशिंग मशीन, जनरेटर, जादा बॅटऱ्या असं सगळं भरलं असेल, तर बोट पाण्यात खोल बसते आणि मधल्या मजल्याच्या तळाला लाटा धडकू लागतात. पाण्याच्या रेषेवर रंग किती वर चढवलाय, ते पाहिलं तरी हा इतिहास कळतो.

कागद आणि कायदा

प्रत्यक्ष सौद्याची पद्धत जगभर बरीचशी सारखी आहे. भाव ठरला की करार होतो, खरेदीदार साधारण दहा टक्के रक्कम मध्यस्थाच्या खात्यात ठेवतो, आणि करारात एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत बोट पाण्याबाहेर काढून सर्वेक्षण आणि समुद्रातली चाचणी करायची. त्यानंतर बोट घ्यायची, नाकारायची किंवा सापडलेल्या दोषांवर भाव पुन्हा ठरवायचा. सर्वेक्षकाचे पैसे खरेदीदारच देतो, आणि सर्वेक्षक त्याचाच माणूस असला पाहिजे. विक्रेत्याच्या ओळखीचा नको. मध्यस्थाची दलाली बहुधा विक्रेत्याकडून जाते.

कागदांमध्ये बांधकामाचा दाखला, पहिल्या मालकापासून आजवरची सगळी विक्रीपत्रं, बोटीवर कर्ज नसल्याचा पुरावा, युरोपात असेल तर व्हॅट भरल्याचा कागद, आणि जुन्या देशाच्या नोंदणीतून नाव काढल्याचा दाखला हे सर्व हवं. हलवर कोरलेला ओळख क्रमांक प्रत्येक कागदावर तोच आहे का, हे स्वतः वाचून पाहावं. सौदा फिसकटतो तो बहुधा यांतल्या एखाद्या गहाळ कागदावर.

भारतीय खरेदीदाराला यापुढे आणखी एक डोंगर चढायचा असतो. परदेशात बोट घेऊन तिथेच ठेवायची, तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. 10 लाख रुपयांपलीकडच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (उगमस्थानी गोळा होणारा कर) कापला जातो आणि तो प्राप्तिकर विवरणात वळता होतो. बोट भारतात आणायची, तर सीमाशुल्काच्या जोडीला 22 सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या बोटींवर 40 टक्के जीएसटी आहे. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीचे नियम वेगळे, म्हणून कस्टम्सच्या कामातला माणूस आधी गाठावा, बोट नंतर. नोंदणीसाठी नौवहन महासंचालनालय आणि महाराष्ट्र सागरी मंडळ ही दोन दारं ठोठावावी लागतात. संसदेनं 2025 मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर करून 1958 चा जुना कायदा बाजूला केला, त्यामुळे त्याआधीच्या माहितीवर विसंबू नये.

आणि मग प्रश्न येतो तो ठेवायची कुठे. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे, मासेमारीची बंदरं आहेत, जेट्ट्या आहेत. पण साडेसहा मीटर रुंदीची खाजगी शिडबोट सुरक्षित बांधून, वीज-पाणी जोडून ठेवावी अशी सोय जवळपास नाहीच. मुंबईत 1846 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबसारख्या जुन्या संस्थांच्या आधारानं बोटी उघड्या पाण्यात नांगरल्या जातात. कोचीत बोलगट्टी बेटावर मरिना आहे. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्यावर हौशी बोटींचं काम थांबतं. गेटवे–मांडवा कॅटमरान बंद होतात, मच्छीमारांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. कोकणात मे महिन्यात नौका शाकारण्याची लगबग चालते. शिडबोटीलाही तेच करावं लागतं. तिला उचलेल अशी क्रेन आणि उभी राहील अशी जागा ज्या गावात आहे, तिथेच बोट ठेवता येते. दरवर्षी देखभाल, विमा, जागा यांवर किमतीच्या सुमारे दहा टक्के खर्च धरावा, असा खलाशांचा सर्वसाधारण अंदाज आहे. बोट जुनी असेल तर पहिल्या वर्षी तो सहज वाढतो.

ज्यांनी हे करून दाखवलं

हे सगळं वाचून मागे फिरायचं कारण नाही. महाराष्ट्राच्या आतल्या भागातूनच समुद्राची मोठी स्वप्नं निघाली आहेत. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. सोलापूरच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या कमी पावसाच्या मुलखातून त्यांनी भारतीयानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा आग्रह धरला. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. बोट मात्र नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांची ॲक्वेरियस ही कार्यशाळा फायबरच्या बोटी बांधायची. 56 फुटी सागरी शिडबोट तिनं कधी बांधलेली नव्हती. डच आराखड्यावर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली आणि फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलाच्या हवाली केली. बांधकामाच्या काळात दोंदे तिथे पाय रोवून होते. 19 ऑगस्ट 2009 रोजी ते मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन असे थांबे घेत 19 मे 2010 रोजी परतले. बोटीचा प्रत्येक सांधा कसा जुळला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. समुद्रात काही बिघडलं तर आत काय आहे, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. जुनी बोट घेणाऱ्याला ही सवलत नसते. म्हणूनच त्याला सर्वेक्षणातून ती जमेल तेवढी मिळवावी लागते.

त्याच म्हादेईवर अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता जग फिरून आले. दांडेकरांच्याच कार्यशाळेतली ‘तारिणी’ 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, आणि तीच बोट 2 ऑक्टोबर 2024 रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. यांच्यासह पुन्हा निघून 29 मे 2025 रोजी गोव्यात परतली. जुनी बोट, नव्या खलाशी.

कुटुंबाच्या सफरींपेक्षा कितीतरी कठीण असलेल्या, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीनंही हेच दाखवलं. 1988 पूर्वीच्या आराखड्याच्या, 32 ते 36 फुटांच्या बोटी असाव्यात असा तिचा नियमच आहे. 2018 मध्ये टॉमींनी गोव्यात नवी बांधलेली ‘थुरिया’ नेली. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी गेली, पाठीच्या कण्याला मार बसला आणि फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवलं. 2022 च्या शर्यतीला ते पुन्हा उभे राहिले ते वापरलेल्या रस्लर 36 जातीच्या ‘बयानात’ या बोटीवर, आणि एप्रिल 2023 मध्ये दुसऱ्या क्रमांकानं पोहोचले. पहिली आलेली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर हीसुद्धा जुनीच बोट घेऊन, कॅनडात ती आतून-बाहेरून नव्यानं उभी करून निघाली होती. दोघांच्याही बोटी एकहली. पण त्यांनी काम केलं ते नेमकं जुन्या कॅटमरानला लागतं तेच: बोट शर्यतीआधी पुरती उघडली, ज्याच्यावर विश्वास नव्हता ते बदललं आणि मग समुद्रात गेले.

सोलापूरहून

सोलापुरातल्या कुटुंबानं याची सुरुवात बोटीपासून करू नये. आधी शिडाचं प्रशिक्षण घ्यावं. मुंबईत डिंगी या लहान शिडबोटीपासून सुरुवात करून पुढे आंतरराष्ट्रीय मान्यतेचा दाखला मिळवता येतो, आणि परदेशात बोट भाड्यानं घेताना तो विचारला जातो. मग थायलंडमधल्या फुकेतमध्ये आठवडाभर कॅटमरान भाड्यानं घ्यावी. घरातल्यांना समुद्र मानवतो की नाही, किती केबिन लागतात, चार केबिनची मांडणी खुपते का, हे त्या एका आठवड्यात कळतं. त्यावर होणारा खर्च चुकीच्या खरेदीच्या मानानं नगण्य आहे. गोवा तर आता जवळच आलंय: 9 जून 2025 पासून सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे फायबरचं काम करणाऱ्या कार्यशाळा प्रत्यक्ष पाहून येणं सोपं झालंय.

एवढं झाल्यावर भारताला जवळचे बाजार म्हणजे फुकेत आणि मलेशियाचं करमुक्त बेट लंकावी. तिथली बोट दिवाळीच्या सुमारास नक्की केली, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सर्वेक्षण आणि दुरुस्ती उरकता येते. जानेवारी ते मार्च ईशान्य मोसमी वारे पाठीमागून मिळतात. त्या काळात बंगालचा उपसागर ओलांडून श्रीलंकेतलं गॉल, तिथून कोची, गोवा असं वर येता येतं. फुकेत ते गॉल हा सुमारे अकराशे सागरी मैलांचा टप्पा सर्वांत लांब, आणि पहिल्या खेपेला त्यावर अनुभवी कप्तान पगारी घेणंच योग्य. मेच्या मध्यापर्यंत बोट पाण्याबाहेर, पावसाळ्यासाठी शाकारून उभी असायला हवी. काम लांबलं आणि मार्च उलटला, तर घाई करू नये. बोट फुकेत किंवा लंकावीतच वर्षभर कोरड्या जागेवर ठेवावी आणि पुढच्या जानेवारीत निघावं. एका हंगामाचं भाडं हे एप्रिल-मेमधल्या बदलत्या हवेत अरबी समुद्रात सापडण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडतं.